इव्हान पावलोव्ह : दचकणं आणि सरावणं समजावून सांगणारा शास्त्रज्ञ (जीवनपरिचय)



आज आपण एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचा जीवनपरिचय करून घेणार आहोत. त्यांचं नाव इव्हान पेत्रोविच पावलोव्ह. आम्ही डी.एड.ला होतो तेव्हा मानसशास्त्राच्या पेपरात पावलोव्ह यायचेच. घंटा, कुत्रा आणि लाळ, एवढं लिहिलं की पाच मार्क पक्के. पण त्यांच्या कामाचा दुसरा एक भाग आहे, तो पाठ करताना राहून जातो. एखाद्या आवाजाला आपण आधी दचकतो आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की दचकणं बंद होतं, ते कसं? हा तो भाग. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या लेकरांसाठी मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते आधी सांगते.

पत्र्यावरची वानरं

नरसीतल्या आमच्या वर्गाला वर पत्रे आहेत. वानरांची टोळी आली की पत्र्यावर धाडकन् उडी पडते. जूनमध्ये पहिलीत नवीन आलेली लेकरं पहिल्या दिवशी जागच्या जागी उडतात. एखादं रडायलाही लागतं. पण पोळा येईपर्यंत हीच लेकरं मान वर करीत नाहीत. वर धाडधाड चालू असतं आणि खाली पाढे चालू असतात.

२०२४ च्या जूनमध्ये वसमतकडच्या एका गावातून एक मुलगी आमच्या शाळेत आली. पोळा झाला, दसरा झाला, तरी पत्र्यावर आवाज झाला की ती दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. बाकीची मुलं तिला भित्री म्हणायला लागली. खरं सांगते, एकदा मीसुद्धा तिला म्हणाले की वानरांना एवढं काय घाबरायचं. ती काहीच बोलली नाही.

वसमत, कळमनुरी आणि औंढा या तालुक्यांतल्या काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हे आपल्याला माहीत आहे. पांगरा शिंदे गावाचं नाव तर त्यासाठी कितीतरी वेळा पेपरात आलंय. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आसपास तेवढाच मोठा धक्का पुन्हा बसला. मार्चच्या धक्क्यात त्या मुलीच्या घराची मातीची भिंत तिच्या डोळ्यांदेखत पडली होती. हे मला तिच्या आजीकडून दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं. आणि १० जुलैला मी काय करत होते? भांडी वाजली, पत्रा थरथरला, मला वाटलं बाहेरून ट्रक गेला असेल. मी चहा गाळत राहिले.

म्हणजे एकाच आवाजाला एक जीव सरावलाच नाही आणि दुसरा जरा जास्तच सरावला. यात चूक कोणाची? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पावलोव्ह पुन्हा वाचावे लागले.

जन्म व बालपण

पावलोव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातल्या रियाझान या गावात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घरात भावंडं पुष्कळ आणि इव्हान सगळ्यांत थोरला. लहानपणी तो उंचावरून दगडी फरशीवर पडला. दुखापत एवढी मोठी होती की शाळेत जायला त्याला अकरावं वर्ष उजाडलं. आज एखादं मूल अकराव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत आलं, तर आपण त्याच्याबद्दल काय मत करून घेऊ, याचा विचार शिक्षकांनी जरूर करावा.

वडिलांसारखं धर्मगुरू व्हायचं म्हणून तो धार्मिक विद्यालयात शिकत होता. त्या काळात सेचेनोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. ते पुस्तक १८६३ साली आलं होतं. चटका बसला की हात मागे येतो, डोळ्यापुढे काही आलं की पापणी मिटते, अशा न ठरवता होणाऱ्या क्रियांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मनाचा अभ्याससुद्धा याच वाटेने करता येईल, हा विचार त्या पोराच्या डोक्यात घर करून बसला. १८७० मध्ये धार्मिक शिक्षण सोडून तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला.

शिक्षण, संसार आणि संघर्ष

१८७५ मध्ये पावलोव्ह पदवीधर झाले. पुढे वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १८८३ मध्ये हृदयाच्या नसांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्याआधी १८८१ मध्ये त्यांचं सेराफिमा यांच्याशी लग्न झालं. सेराफिमा यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं होतं. सुरुवातीचा संसार फार ओढाताणीचा होता. हातात पैसा नाही, पक्की नोकरी नाही, त्यात पहिलं लेकरू तान्हं असतानाच गेलं. त्यातूनही सेराफिमांनी घर सांभाळलं आणि पावलोव्ह प्रयोगशाळेतच रमले.

जर्मनीत दोन वर्षं शिकून आल्यावर १८९० मध्ये त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभाग त्यांच्या हाती आला. वय बेचाळीस. तिथून पुढे जवळजवळ पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिथं काम केलं.

अन्न कसं पचतं, हा त्यांचा पहिला मोठा विषय. त्यासाठी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून जठरातला रस आणि तोंडातली लाळ बाहेर गोळा करण्याची पद्धत त्यांनी बसवली. याच कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन. म्हणजे लक्षात घ्या, नोबेल मिळालं ते पचनासाठी, घंटेसाठी नाही!

कुत्रा, लाळ आणि न बोलावलेला पाहुणा

पचनाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसती भांडं आणणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आवाज आणि जेवण यांची मेंदूत गाठ पडते. ही गाठ कशी बसते आणि कशी सुटते, हे त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. त्यासाठी घंटेपेक्षा ताल मोजणारं टकटक यंत्र ते जास्त वापरत. लाळेचे थेंब मोजून आकडे लिहून ठेवत.

आता आपल्या विषयाची गंमत इथं आहे. एखादा सहायक महिनाभर कष्ट करून कुत्र्याला तयार करायचा. टकटक झाली की लाळ बरोबर यायची. मग तो आनंदाने पावलोव्ह सरांना बघायला बोलवायचा. सर खोलीत आले की प्रयोग फसायचा! लाळेचा थेंब नाही. सहायक बिचारा हिरमुसून जायचा. आपल्याकडे साहेब तपासणीला आले की पाढे येणारी मुलं गप्प होतात, अगदी तसंच.

असं का होतंय, हे पावलोव्ह यांनी शोधलं. नवीन माणूस आत आला की कुत्रा कान टवकारतो, मान वळवतो, वास घेतो. हे काय आहे, असं जणू त्याचं सगळं शरीर विचारतं. तेवढा वेळ मेंदूतलं बाकीचं काम थांबतं. पावलोव्ह यांनी याला प्रतिक्षिप्त क्रियाच मानलं आणि तिला हे-काय असंच नाव दिलं. ही क्रिया नसती तर प्राणी पावलोपावली जीव गमावून बसला असता, असं त्यांचं मत होतं. माणसात हीच क्रिया वाढत जाऊन कुतूहल होते आणि कुतूहलातून विज्ञान जन्मतं, असंही ते मानत.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्यातून काहीच वाईट घडलं नाही, तर कुत्र्याची हे-काय क्रिया हळूहळू कमी होते. कान कमी टवकारतात, मान वळत नाही, शेवटी कुत्रा तिकडे बघतही नाही. याचा अर्थ कान खराब झाला असा नाही, आणि कुत्रा थकला असाही नाही. कारण मधेच एखादा वेगळा आवाज केला की तो ताडकन् उठतो. म्हणजे आवाज ऐकू येत असतो, पण त्यासाठी उठायची गरज नाही हे मेंदू शिकलेला असतो. दुर्लक्ष करणं हेसुद्धा एक शिकणंच आहे.

मौनाचा मनोरा

पण सगळे आवाज असे विरून जाईनात. बाहेर गाडी गेली, शेजारच्या खोलीत दार आपटलं, की प्रयोग बिघडायचा. म्हणून मॉस्कोतल्या दात्यांच्या पैशातून १९१० च्या दशकात एक खास इमारत उभी राहिली. तिला मौनाचा मनोरा म्हणत. भोवती खंदक, जेणेकरून रस्त्याचा हादरा आत पोचू नये. प्रत्येक मजल्यावर चारच खोल्या आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधून अधिक चिन्हासारखी बोळ. कुत्रा आत, तपासणारा बाहेर. एवढा खटाटोप कशासाठी? तर न सांगता येणारा एखादा आवाज मेंदूचं किती लक्ष खातो, हे पावलोव्ह यांना पक्कं कळलं होतं.

आपल्या शाळांना असा मनोरा मिळणार नाही. आपल्याकडे पत्रा आहे, वानरं आहेत, लग्नसराईत डीजे आहे. अशा गोंगाटात मूल शिकतं, याचं कौतुक करायला हवं.

क्रांती, उपासमार आणि महापूर

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. पुढची काही वर्षं भयंकर गेली. अन्न नाही, सरपण नाही, प्रयोगशाळेतली कुत्री उपासमारीने मेली. सत्तरीला आलेले पावलोव्ह स्वतः भाजीपाला पिकवून घर चालवत. याच काळात त्यांनी आपला एक मुलगाही गमावला. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांनी खास हुकूम काढून त्यांच्या कामाची सोय करून दिली. तरीही सरकारचं चुकतंय असं वाटलं की पावलोव्ह उघडपणे बोलत.

२३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राड शहरात, म्हणजेच पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरलं. वादळ, लाटा, कडाकड मोडणारी झाडं, अशात सहायकांनी कुत्र्यांना थोडे थोडे करून पोहत मुख्य इमारतीत आणलं. जीव वाचले.

काही दिवसांनी प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. काही कुत्री पहिल्यासारखी झाली, पण एका कुत्र्याचं शिकलेलं सगळं जणू पुसलं गेलं होतं. पूर्वी ज्या मोठ्या घंटेला तो उत्तम प्रतिसाद द्यायचा, तीच घंटा आता त्याला सहन होईना. तो समोरचं अन्नही खाईना. पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी त्याला शिक्षा केली नाही किंवा निकामी ठरवून बाजूलाही केलं नाही. एरवी नियम असा की कुत्रा खोलीत एकटा. इथं त्यांनी नियम मोडला आणि रोजचा ओळखीचा माणूस त्याच्याजवळ खोलीत बसायला लागला. माणूस जवळ असला की कुत्र्याला शिकलेलं आठवायचं. हळूहळू तो सावरला. पण बऱ्याच दिवसांनी दाराखालून मुद्दाम थोडंसं पाणी खोलीत सोडलं, तर तो पुन्हा अस्वस्थ झाला, धापा टाकू लागला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या वर्गातली ती मुलगी दिसली. इतर मुलांसाठी पत्र्यावरचा आवाज म्हणजे नुसती वानरं. तिच्यासाठी त्याच आवाजापाठोपाठ एकदा भिंत पडली होती. तिचा मेंदू कमजोर नव्हता, तो त्याचं काम चोख करत होता. भित्री हा शब्द चुकीचा होता.

अखेरचे दिवस

पावलोव्ह शेवटपर्यंत काम करत राहिले. लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी गावात त्यांच्यासाठी मोठं संशोधन केंद्र उभं राहिलं. १९३५ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, जगभरच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या प्रयोगांत कुत्र्यांना वेदना झाल्या, कित्येकांचे जीव गेले, हेही मुलांना सांगायला हवं. त्या कुत्र्यांची आठवण म्हणून त्यांच्या संस्थेच्या आवारात १९३५ मध्ये कुत्र्याचा पुतळा उभारला गेला.

पुढे विज्ञानाने काय सांगितलं?

पावलोव्ह यांच्यानंतर मॉस्कोच्या सोकोलोव्ह या शास्त्रज्ञाने मांडलं की, वारंवार येणाऱ्या आवाजाचा एक नमुना मेंदू स्वतःजवळ ठेवतो. आलेला आवाज नमुन्याशी जुळला की मेंदू शांत राहतो, जुळला नाही की सावध होतो. म्हणून तर रात्रभर टिकटिक करणारं घड्याळ ऐकू येत नाही, पण ते बंद पडलं की कधी कधी जाग येते.

अमेरिकेतले एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर प्रयोग केले. तिला हलकासा स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ओढणं कमी होतं. कारण एक चेतापेशी दुसरीला निरोप देण्यासाठी जे रसायन सोडते, त्याचं प्रमाण घटतं. म्हणजे सरावणं ही नुसती मनाची गोष्ट नाही, चेतापेशींच्या जोडणीत खरोखर बदल होतो. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सरावणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे

आता माझ्या चहाच्या गोष्टीकडे येऊ. मेंदू सरावतो ते मागच्या अनुभवावरून. आतापर्यंत काही झालं नाही, एवढंच त्याला माहीत असतं. पुढे काय होणार, हे त्याला माहीत नसतं. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात १९९२ मध्ये लहान लहान धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गेली. आपण सरावलो की नाही, हे जमीन विचारत नाही.

म्हणून मेंदूने दचकणं सोडलं तरी आपण नियम सोडायचा नाही. जमीन हलली की बाकाखाली शिरून डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. हादरे थांबले की रांगेत मैदानात जायचं, भिंतीपासून लांब उभं राहायचं. हा सराव आम्ही आता ठरावीक दिवशी करतो, भीती वाटो किंवा न वाटो. आणि गंमत बघा, डोकं झाकायचं कसं, हे त्या मुलीलाच सगळ्यांत नीट येत होतं. मी तिलाच पुढे उभं करून वर्गाला दाखवायला लावलं. त्यानंतर तिला भित्री म्हणणं आपोआप बंद झालं.

आपल्या नरसीत नामदेव महाराजांची कथा लहान-थोर सगळ्यांना माहीत आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्यांची डोकी तपासली. इतर संत गप्प बसले, नामदेव महाराजांना ते सहन झालं नाही आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. पण कथा तिथं संपत नाही. पुढे औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले. कच्चं ठरलेल्याजवळ कोणीतरी बसावं लागतं, एवढंच मी एक शिक्षिका म्हणून त्यातून घेते.

मी त्या मुलीची जागा बदलून माझ्या टेबलाजवळ केली. वानरं दिसली की तिला आधीच सांगायचे. ती अजूनही दचकते. पण फेब्रुवारीत एके दिवशी पत्र्यावर धाडकन् आवाज झाला आणि तिने डोकं झाकलं नाही. मान वर करून पत्र्याकडे बघितलं आणि मला विचारलं की आज वानरं किती आली असतील. हे-काय क्रिया! पावलोव्ह सर असते तर त्यांनी नक्की वहीत नोंद केली असती.

उपक्रम : मित्राला डोळे उघडे ठेवून बसवा. मागून दर अर्ध्या मिनिटाने एकसारखी टाळी वाजवा. दुसऱ्या मुलाने पापणी कितव्या टाळीपर्यंत मिटते ते लिहावे. मग टाळीऐवजी डबा वाजवा आणि काय होते ते पाहा. (कानाजवळ मोठा आवाज करू नये. जो नको म्हणेल त्याच्यावर हा प्रयोग करू नये.)

स्वाध्याय
१) पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक कोणत्या कामासाठी व कधी मिळाले?
२) सरांना बोलावले की कुत्र्याचा प्रयोग का फसायचा?
३) मौनाच्या मनोऱ्याभोवती खंदक का खणला होता?
४) पुरानंतर घाबरलेला कुत्रा कशामुळे सावरला?
५) तुमच्या घरातल्या कोणत्या आवाजाकडे तुमचं लक्ष जात नाही? पाहुण्यांचं जातं का? आज घरी निरीक्षण करा आणि पाच ओळी लिहून आणा.

लेख आवडला तर आपल्या वर्गात नक्की वाचून दाखवा.